अकरा महिन्यांच्या ऑर्डरवरची नऊ वर्षं

(रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्रात झालेलं भाषण. बोलण्यातली भाषा तशीच ठेवली आहे.)



"तू नोकरीवर बोल," असा संयोजकांचा फोन आला, तेव्हा मी म्हटलं, आपल्या बॅचमध्ये एक फौजदार आहे, तीन शिक्षक आहेत, एकजण बँकेत आहे. त्यांना बोलवा ना. त्यावर उत्तर आलं, "त्यांचे सत्कार सकाळी होतील. पण आपल्या ग्रुपवर निम्मे लोक कंत्राटावर आहेत, त्यांच्यासाठी कोणीच बोलत नाही." सकाळी परिचयाच्या वेळी मी मुद्दाम मोजत बसले होते. परमनंट माणसानं खात्याचं नाव, हुद्दा, गाव सगळं सांगितलं. कंत्राटी माणूस "तिकडे बुटीबोरीला असतो" किंवा "ऑफिसमध्ये आहे" एवढंच बोलून बसला. मग जेवणाच्या रांगेत हळूच प्रश्न येतो, "परमनंट झालीस का वो?" आपल्या भंडाऱ्यात हा प्रश्न पाणी विचारल्यासारखा विचारतात.

तर सांगते. नाही झाले. एप्रिल २०१७पासून मी एका सरकारी कार्यालयात डेटा एंट्री ऑपरेटर आहे. कार्यालय सरकारी आहे, मी सरकारी नाही. मला एजन्सी पाठवते. ऑर्डर अकरा महिन्यांची असते, मग मध्ये ब्रेक, मग नवी ऑर्डर. या नऊ वर्षांत तीन एजन्स्या बदलल्या, खुर्ची एकच राहिली. शेजारच्या टेबलावरच्या लिपिकाची आणि माझी कामं कित्येक दिवस सारखीच असतात. पगार त्यांचा किती आणि माझा किती हे सांगत नाही, उगाच जेवण कडू होईल. माझ्या हातात महिन्याला १४ हजार येतात, तेही कधी दहा तारखेला, कधी पंचवीसला.

कामाबद्दल तक्रार करायची तर त्याची जात वेगळी आहे. कष्टाचं नाही, कंटाळ्याचं आहे. दिवसभर लाभार्थ्यांच्या याद्या भरायच्या. पण त्यातच कधी एखादे आजोबा येतात, आधारवर "घनश्याम" आणि बँकेत "गनश्याम", म्हणून दोन हप्ते अडकलेले. ते नाव मी दुरुस्त करते, पंधरा दिवसांनी आजोबा घरच्या वालाच्या शेंगा घेऊन येतात. असा दिवस आला की वाटतं, आपण काहीतरी करतो आहोत. हे समाधान खोटं नाही. फक्त त्या समाधानाचा हिशेब पगारात धरू नये, एवढंच माझं म्हणणं आहे. "तुम्ही लोकांची सेवा करता" असं जो साहेब सगळ्यात जास्त म्हणतो, तो आपली सुट्टी सगळ्यात आधी नाकारतो, हा माझा अनुभव.

आता थोडं आईबद्दल. इथे बसलेल्या बऱ्याच जणांच्या आया बिड्या वळायच्या. भंडारा-गोंदिया म्हणजे बिडीचा मुलूखच होता (गोंदिया जिल्हा तर १ मे १९९९ला वेगळा झाला, आपण आठवीत होतो). आई सट्टेदाराकडून तेंदूपत्ता आणि तंबाखू आणायची, दारात बसून सुपात बिड्या वळायची आणि हजारावर मजुरी घ्यायची. सट्टेदार वाईट म्हणून किती बिड्या बाजूला काढेल, ते त्याच्या मनावर. म्हणजे माझी आई कंत्राटीच होती. कारखानदार एकीकडे, मध्ये सट्टेदार, आणि आई घरात. कारखानदार म्हणू शकला असता, ही बाई आमची नाहीच.

तसं म्हणू नये म्हणून १९६६ साली बिडी आणि सिगार कामगारांचा कायदा झाला. घरी बसून वळणारी बाईसुद्धा कामगार, आणि मधल्या माणसाकडून काम घेतलं तरी ती मालकाची कामगार, असं त्यात आलं. पुढे १९७६चा कल्याण निधीचा कायदा आला, बिडी कामगारांना पीएफ लागू झाला. आईकडे ओळखपत्र होतं. त्याच ओळखपत्रावर मला नववीत बिडी कामगारांच्या मुलांची शिष्यवृत्ती मिळाली. त्या फॉर्मवर शाळेचा सहीशिक्का लागायचा, आणि आपले कारकून सर सगळ्या मुलींचे फॉर्म स्वतः तपासून एकदम पाठवायचे. सर आज आलेले आहेत, म्हणून मुद्दाम सांगितलं.

आईला आज महिन्याला हजार रुपये पेन्शन येते. १ सप्टेंबर २०१४पासून ईपीएसची किमान पेन्शन हजार झाली, तीच. हजार रुपयांत काय होतं, असं तुम्ही म्हणाल. औषधं होतात. आणि ते पैसे तिचे असतात, ते घेताना तिला कोणाच्या तोंडाकडे पाहावं लागत नाही. ही पेन्शन तिला मिळाली कारण तिची दहा वर्षांची नोंद कागदावर होती. चौथी शिकलेल्या बाईची नोंद होती, आणि आपण पदवी, एमएससीआयटी, टायपिंग सगळं करून बसलेले लोक आपली नोंद आहे की नाही हेही पाहत नाही.

म्हणून आता पीएफचं सांगते, कारण इथे खरा पैसा बुडतो. एजन्सी बदलली की नवा पीएफ खाते क्रमांक येतो. यूएएन मात्र एकच राहायला पाहिजे. जुन्या खात्यातली रक्कम नव्यात ट्रान्सफर करायची असते. आपले लोक काय करतात? एजन्सी बदलली की सगळं काढून घेतात, पेन्शनची रक्कमसुद्धा. तीस-चाळीस हजार हातात येतात, घरावर टिना पडतात, पोराला गाडी येते. मी नावं ठेवत नाही, घरची अडचण घरालाच माहीत. पण ईपीएसमध्ये पेन्शनसाठी एकूण दहा वर्षं सेवा लागते आणि ती वेगवेगळ्या मालकांकडची मिळून चालते. पेन्शनचे पैसे काढले की मागची मोजणी गेली, पुन्हा एकपासून सुरू. पैशाची फारच गरज असेल तर पीएफमधून ॲडव्हान्स घ्या, पेन्शनला हात लावू नका.

आमच्याकडे दुसऱ्या एजन्सीच्या वेळी असं झालं की पगारपत्रकात पीएफ कापलेला दिसायचा आणि मोबाइलवर पासबुक उघडलं की जमा काहीच नाही. सात महिने. आम्ही पाचजणी होतो. एजन्सीच्या माणसाला फोन करून काही होणार नव्हतं, तो "सर्व्हर डाऊन आहे" यापलीकडे बोलायचा नाही. आम्ही अर्ज एजन्सीला न करता कार्यालयालाच केला. सोबत पगारपत्रक आणि पासबुकाची प्रिंट. कारण नियम असा आहे की ठेकेदाराच्या माणसाचा पीएफ भरला गेला की नाही, याची शेवटची जबाबदारी काम करून घेणाऱ्यावर, म्हणजे मूळ मालकावर येते. पगाराचंही तसंच. १९७०च्या कंत्राटी कामगार कायद्यात ठेकेदारानं मजुरी दिली नाही तर मूळ मालकानं द्यायची आणि ठेकेदाराच्या बिलातून वसूल करायची, असं होतं. २१ नोव्हेंबर २०२५पासून ज्या नव्या कामगार संहिता लागू झाल्या, त्यातही हे तत्त्व ठेवलं आहे. फक्त कंत्राटी कामगारांची ती कलमं ५० किंवा जास्त माणसं असतील तिथे लागतात, तेवढं आधी पाहून घ्या. आमच्या लेखा शाखेतल्या साहेबांनी पुढचं बिल अडवलं आणि पीएफचं चलन आणा म्हणून सांगितलं. दीड महिन्यात सातही महिन्यांची रक्कम दिसायला लागली. भांडण नाही, मोर्चा नाही. एक अर्ज, दोन कागद आणि पाच सह्या. एकटीची सही असती तर माझी पुढची ऑर्डर निघाली नसती, हेही खरं आहे. म्हणून अर्ज नेहमी सगळ्यांनी मिळून करावा.

मैत्रिणींसाठी एक वाक्य जास्तीचं. बाळंतपण आलं की एजन्सी म्हणते, "ताई, ब्रेक घ्या, नंतर बघू." मातृत्व लाभाचा कायदा कंत्राटी बाईलाही लागू आहे. आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेलं असलं की पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. २०१७ला ती वाढली. तोंडी "बघू" चालवून घेऊ नका, अर्ज देऊन पोच घ्या.

आता मुख्य गोष्टीकडे येते. आमच्या कार्यालयात, आणि मला वाटतं सगळ्याच कार्यालयांत, एक आकडा मंत्रासारखा फिरतो. दहा. "दहा वर्षं भर, मग परमनंट करावंच लागतं." मला आता रोज ऐकायला मिळतं, "नऊ झाली ना तुझी? एकच वर्ष राहिलं. आता सोडू नको." हा दहाचा आकडा कुठून आला, ते मी शोधलं. वकील नाही मी, पण जे मराठीत आणि थोडं इंग्रजीत वाचता आलं ते वाचलं.

तो आला सर्वोच्च न्यायालयाच्या उमादेवी प्रकरणातून. कर्नाटकचं प्रकरण, १० एप्रिल २००६चा पाच न्यायाधीशांचा निकाल. आणि तो निकाल मुळात आपल्या बाजूचा नाही! त्यात म्हटलं आहे की नियमाप्रमाणे भरती न होता लागलेल्या माणसाला कायम होण्याचा हक्क नाही. फक्त एक सवलत दिली. मंजूर आणि रिकाम्या पदावर, पात्रता असलेला माणूस, कोर्टाच्या स्थगितीशिवाय दहा वर्षं काम करत असेल, तर अशांना एकदाच सामावून घ्या. एकदाच. ती दहा वर्षं त्या वेळेची होती. माझी २०२७ला होणारी दहा वर्षं त्यात बसतच नाहीत, आणि एजन्सीवाल्यांचं तर पदच मंजूर नसतं, नियुक्तीही कार्यालयाची नसते.

पुढे चांगलेही निकाल आले, तेही सांगायला पाहिजेत. २६ ऑक्टोबर २०१६ला पंजाबच्या जगजीत सिंग प्रकरणात तात्पुरत्या कर्मचाऱ्यांनाही समान कामाला समान वेतन, असं न्यायालयानं म्हटलं. २० डिसेंबर २०२४ला जग्गो प्रकरणाचा निकाल आला. केंद्रीय जल आयोगात वर्षानुवर्षे सफाई आणि बागकाम करणारी माणसं होती, त्यांना एकदम काढलं होतं. न्यायालयानं त्यांना कायम करायला सांगितलं आणि नेहमीचं काम तात्पुरत्या नावाखाली करून घेण्यावर चांगलंच सुनावलं. उमादेवीचा निकाल माणसांना राबवून घेण्यासाठी ढाल म्हणून वापरू नका, असा त्याचा अर्थ. पण ती माणसं कोर्टात किती वर्षं लढली ते पाहा. २०१८ला काढलं, २०२४ला न्याय. आपल्या राज्यात राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या दहा वर्षं झालेल्या कंत्राटी कर्मचाऱ्यांना सामावून घ्यायचा शासन निर्णय १४ मार्च २०२४ला निघाला. त्याची अंमलबजावणी व्हावी म्हणून त्यांना ऑगस्ट २०२५मध्ये संपावर बसावं लागलं. तेही संघटना मजबूत होती म्हणून. एजन्सीवाल्याला तर संघटनाही नसते. सप्टेंबर २०२३मध्ये सरकारनं नऊ एजन्स्यांमार्फत भरती करायचा जो शासन निर्णय काढला होता, तो आरडाओरडा झाल्यावर ऑक्टोबरमध्ये रद्द झाला. तेव्हा आमच्याकडे पेढे वाटले गेले. मी पेढा खाल्ला आणि संध्याकाळी त्याच खुर्चीवर त्याच एजन्सीच्या हजेरीपटावर सही केली.

आपले वडीलधारे सालगड्याबद्दल सांगतात. गुढीपाडव्याला साल धरायचं, किती धान, किती पैसे, किती कपडे हे आधी ठरायचं, आणि पुढच्या पाडव्याला सालगडी मोकळा. त्याला राबावं फार लागायचं, त्याचं कौतुक करायला मी उभी नाही. पण आपण या घरचे वारस होणार, असं त्याला कोणी सांगत नव्हतं. आम्हाला ते सांगतात. पगार कमी, कारण पुढे परमनंट होशील. सुट्टी नाही, कारण पुढे परमनंट होशील. माझं मत स्पष्ट आहे, ही आशा हाच त्या नोकरीतला सगळ्यात महाग भाग आहे.

दुसरी वाट स्पर्धा परीक्षेची. ती मी सोडलेली नाही. राज्याच्या भरतीत खुल्या गटाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ वर्षांची मर्यादा आहे. म्हणजे आपल्यातल्या खुल्या गटाच्या मित्रांची दारं बंद झाली आणि माझी दोन-अडीच वर्षं उरली. पण तिथेही डोळे उघडे ठेवून जावं. २०२३च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागांना दहा लाखांवर अर्ज होते. एका जागेमागे दोनशेच्या वर माणसं. फी खुल्या गटाला १,००० आणि मागासवर्गीयांना ९००. त्याच वर्षी जिल्हा परिषदेचीही भरती होती, तिथेही तेवढीच फी, आणि प्रत्येक पदाला वेगळी. १४ हजारांच्या पगारात असे पाच फॉर्म भरले की महिन्याचा किराणा गेला. म्हणून मी ठरवलं आहे की वर्षाला दोनच फॉर्म, ज्याची पात्रता आणि अभ्यासक्रम माझ्याकडे आधीपासून आहे. टायपिंगची मराठी ३० आणि इंग्रजी ४० दोन्ही झाल्या आहेत, तेव्हा लिपिकाचा फॉर्म पहिला. सकाळी पाच ते सात अभ्यास, बाकी दिवस परीक्षेचं नाव काढायचं नाही. पुण्याला जाऊन क्लास लावणाऱ्या पोरांच्या तुलनेत हे काहीच नाही, मला माहीत आहे. पण घरी दोन मुलं, सासूबाई आणि दोन एकर धान आहे. रोवणीच्या दिवसांत तर सकाळचे दोन तासही मिळत नाहीत.

जवाहरनगरच्या आयुध निर्माणीचं नाव आपल्याकडे देवासारखं घेतात. तिथे लागला म्हणजे जिंकला. १ ऑक्टोबर २०२१ला आयुध निर्माण्यांच्या कंपन्या झाल्या, आणि आता तिथेही ठरावीक मुदतीच्या जागा निघतात, एक वर्षाची नेमणूक आणि वाढवून जास्तीत जास्त चार. म्हणजे आपल्या वडिलांच्या पिढीनं पाहिलेली परमनंट नोकरी आपल्या मुलांना त्याच फाटकातून मिळेलच असं नाही. मुलांना "परमनंटच बघ" असं सांगताना याचा विचार करा.

तिसरी वाट मला माहीत नव्हती, ती कामाच्या कंटाळ्यातून निघाली. एक्सेल मी कार्यालयातच शिकले, कोणी शिकवलं नाही, याद्यांनी शिकवलं. मग मुक्त विद्यापीठातून बी.कॉम. केलं. चार वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका राइस मिलवाल्या काकांना रविवारी हिशेब बघायला कोणीतरी पाहिजे होतं. तुमसर-मोहाडीकडच्या लोकांना सांगायला नको, मिलचा हिशेब म्हणजे काय असतो. सरकारी धानाची भरडाई असेल तर क्विंटलमागे ६७ किलो तांदूळ जमा करून दाखवावा लागतो. कोंडा वेगळा, कणी वेगळी, बारदाना वेगळा. १८ जुलै २०२२पासून २५ किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या तांदळाच्या पिशवीवर ५ टक्के जीएसटी आला, तेव्हा काकांचा सगळा कारभार गोंधळला होता. ते मी बसून शिकले आणि लावून दिलं. त्या रविवारी मला पहिल्यांदा वाटलं की माझ्या कामाला डोकं लागतं.

आता काका म्हणतात, पूर्ण वेळ या. पगार १९ हजार, आणि मिलमध्ये वीसच्या वर माणसं आहेत म्हणून पीएफ भरतात, मी चलनं पाहिलेली आहेत. घरी यावर खूप बोलणं झालं. सासूबाई म्हणाल्या, "सरकारी ऑफिस सोडून मिलमध्ये? लोक काय म्हणतील?" भाऊ म्हणाला, "एक वर्ष थांब, दहा होतील." मी दोघांनाही वर सांगितलं ते सगळं सांगितलं. दहा वर्षं माझी होणारच आहेत. कार्यालयातली नऊ आणि मिलमधलं एक, एकाच यूएएनवर, पेन्शनच्या मोजणीत ती पूर्ण दहा होतात. जी दहा वर्षं कायद्यात खरंच मोजली जातात, ती ही आहेत.

माझी आताची ऑर्डर ३१ मार्चला संपते. या वेळी नवीन ऑर्डर घेणार नाही, साहेबांना पत्र देऊन झालं आहे, अनुभव प्रमाणपत्र कार्यालयाच्या लेटरहेडवर मागितलं आहे. एजन्सीचं प्रमाणपत्र पुढे कोणी विचारत नाही, आणि एजन्सी उद्या असेल की नाही सांगता येत नाही. लिपिकाची जाहिरात आली तर फॉर्म मी मिलमधूनच भरेन. काकांना ते आधीच सांगितलं आहे. ते म्हणाले, "लागलीस तर मिलच्या पोरांना एक्सेल शिकवून जा."

वेळ झाली, सूत्रसंचालक घड्याळ दाखवत आहेत. चहानंतर मी आठवी 'ब'च्या वर्गात बसते. ज्यांना आपलं पीएफचं पासबुक बघायचं आहे, त्यांनी मोबाइल आणि यूएएन घेऊन या. आधारला जोडलेला नंबर चालू पाहिजे, ओटीपी त्यावरच येतो. ज्यांची दोन-तीन खाती झाली आहेत त्यांनी आधी या, ट्रान्सफरला वेळ लागतो.